पाटाचें पाणी आणि पटावरचीं नांवें



समाजांत, चालीरीतींत आणि सृष्टींत जे पालट घडून येतात, त्यांच्या योगानें निरनिराळ्या ठिकाणचे लोकसमुदाय कसे घडतात, असा आजच्या भाषणाचा विषय आहे. विषय मोठा आणि वक्ता लहान, अशी ही जोडी आहे. मी केवळ मॅट्रिक झालेला, शिक्षकाची सनद घेऊन सदतीस वर्षें खेड्यापाड्यांतील प्राथमिक शाळांत खडू झिजविलेला मनुष्य आहें. समाजशास्त्राचे ग्रंथ मीं वाचलेले नाहींत. तथापि एक पुस्तक मीं रोज उघडलें, रोज त्यांत लिहिलें, आणि सेवानिवृत्तीच्या दिवशींच तें मिटलें. तें पुस्तक म्हणजे शाळेचें हजेरीपुस्तक. गांवावर काय गुदरलें हें सरकारी दप्तरांतून कळावयास वर्षें लागतात. हजेरीपुस्तकांत तें त्याच सकाळीं उमटतें. त्या पुस्तकाच्या आधारें मी आज आपल्या अहमदनगर जिल्ह्याची, म्हणजे २०२४ सालापासून ज्याचें नांव अहिल्यानगर झालें आहे त्या जिल्ह्याची, हकीकत सांगणार आहें. दूरच्या देशांची आठवण मधून मधून येईल, ती आपली गोष्ट स्पष्ट व्हावी एवढ्यापुरतीच.

क्षेत्रफळानें हा महाराष्ट्रांतील सर्वांत मोठा जिल्हा. पावसानें मात्र त्याचीं दोन रूपें केलीं आहेत. पश्चिमेस अकोले तालुक्यांत सह्याद्रीची भिंत उभी आहे. कळसूबाईचें शिखर तेथलेंच. घाटघर-रतनवाडीकडे आषाढ-श्रावणांत असा पाऊस कोसळतो कीं समोरचा डोंगर दिसेनासा होतो. तेच ढग पूर्वेकडे येईतों रिते होतात. पाथर्डी, शेवगांव, जामखेड, कर्जत या बाजूस बाजरी, मटकी, हुलगे आणि रब्बीची ज्वारी यांवर शेतकऱ्याचें नशीब टांगलेलें. या दोन टोंकांच्या मध्यें प्रवरा, मुळा आणि गोदावरी यांचीं खोरीं पसरलेलीं आहेत. पाऊस डोंगरावर, काळी जमीन खोऱ्यांत आणि तहान सगळीकडे, अशी ही रचना आहे. देवानें दूर ठेवलेलीं पाणी आणि जमीन माणसानें जेथें जवळ आणलीं तेथें काय झालें, आणि जेथें आणलीं नाहींत तेथें काय झालें, हाच आमच्या जिल्ह्याचा गेल्या शंभर वर्षांचा इतिहास होय.

आज कोपरगांव, राहुरी, श्रीरामपूर म्हटलें म्हणजे ऊस डोळ्यांपुढें येतो. परंतु पूर्वीं हा मुलूखही कोरडाच होता. १८७६ ते १८७८ च्या मोठ्या दुष्काळानें या जिल्ह्याची दाणादाण उडविली. १८७८ सालीं दौंड-मनमाड आगगाडी सुरू झाली खरी, पण आगगाडी धान्य आणते, पाऊस आणीत नाहीं. तेव्हां रयतेस दुष्काळांतून वांचवावयाचें तर नद्यांचें पाणी अडविलें पाहिजे, असें इंग्रज सरकारच्या मनानें घेतलें. दारणा नदीवरील धरण १९१६ सालीं पुरें झालें आणि नांदूर-मधमेश्वराच्या बंधाऱ्यापासून गोदावरीचे कालवे कोपरगांवाकडे वाहूं लागले. प्रवरेवर भंडारदरा येथें १९१० मध्यें काम सुरू होऊन १९२६ सालीं २७० फूट उंचीचें धरण उभें राहिलें. सह्याद्रीवरचा पाऊस आतां वैशाखांतही पाटानें खालीं येऊं लागला.

येथें एक गोष्ट ध्यानांत धरण्यासारखी आहे. पाणी दारीं आलें तरी तें घ्यावयाचें कसें, हें प्रथम पुष्कळांस उमगेना. पाणीपट्टीचा बोजा, जमीन बिघडण्याची धास्ती आणि ऊसास लागणारें भांडवल यांस भिऊन कित्येक शेतकऱ्यांनीं आपल्या जमिनी खंडानें देऊन टाकल्या. त्या घेतल्या कोणीं? सासवडच्या बाजूचे माळी बागाईतदार नीरेच्या कालव्यावर ऊसाची विद्या शिकून तरबेज झाले होते. ते बिऱ्हाडें हलवून इकडे आले. त्यांनीं बांध घातले, सऱ्या पाडल्या, गुऱ्हाळें चालविलीं. त्यांची बोली थोडी निराळी, देवदेवक निराळें, राहणी निराळी. कांहीं वर्षें ते ‘बाहेरचे’ म्हणूनच ओळखले जात. हरेगांवास बेलापूर कंपनीचा साखर कारखाना उभा राहिला. बेलापूर रोड स्टेशनाभोंवतीं व्यापारी पेठ वसली आणि तिचें श्रीरामपूर शहर झालें. पुढें लोणीजवळ प्रवरानगर येथें शेतकऱ्यांच्या स्वतःच्या मालकीचा सहकारी साखर कारखाना निघाला. १९५०-५१ हा त्याचा पहिला गळिताचा हंगाम. अध्यक्षस्थानीं धनंजयराव गाडगीळांसारखा अर्थशास्त्रज्ञ आणि त्यांच्या जोडीस गांवोगांव हिंडून शेतकऱ्यांस भागीदार करून घेणारे विठ्ठलराव विखे पाटील, असा तो योग होता. त्या कारखान्याच्या मागोमाग शाळा, वसतिगृहें, दवाखाने, महाविद्यालयें आलीं. कोरडवाहू खेड्यांत जें शंभर वर्षांत झालें नसतें तें एका पिढींत झालें.

पाण्याबरोबर रीतीही पालटल्या. मोट गेली आणि मोटेवरचीं गाणीं गेलीं. ताटांतील बाजरीच्या भाकरीशेजारीं गव्हाची पोळी आली. लग्नाचा मुहूर्त पंचांगांत पाहत, पण दिवस ठरे तो ऊसाचा हप्ता हातीं पडण्यावर. रात्रींबेरात्रीं कंदील घेऊन पाण्याच्या ‘पाळी’ला जाणें हा गृहस्थाचा नित्यक्रम झाला, आणि पाटकऱ्याशीं सख्य असणें ही सोयरिकींत सांगण्याची गोष्ट झाली. पूर्वीं गांवांत वर्षाचे भाग तीन होते: उन्हाळा, पावसाळा आणि हिवाळा. आतां दोनच राहिले: हंगाम आणि बिनहंगाम.

हा झाला उत्तरेकडचा भाग. माझी नोकरी मात्र १९८१ सालीं सुरू झाली ती पाथर्डी तालुक्यांतील एका डोंगराळ खेड्यांत. तेथें पाट नव्हता, कारखाना नव्हता. १९७२ च्या दुष्काळाच्या आठवणी घरोघर ताज्या होत्या. त्या वर्षीं बायाबापड्यांनीं खडी फोडून दिवस काढले होते. सरकारनें काम द्यावें आणि रयतेनें तें हक्कानें मागावें, ही रोजगार हमीची कल्पना अशाच हालांतून राज्यभर रुजली आणि १९७७ सालीं तिचा कायदा झाला. परंतु खडी फोडण्यापेक्षां दुसरा एक मार्ग लोकांनीं धरला होता. तो मार्ग उत्तरेकडे, ऊसाच्या फडांकडे जाई.

त्या मार्गाची रीत ज्यांस ठाऊक नाहीं त्यांच्याकरितां सांगतों. पावसाळ्यांत, घरांतील धान्य संपत आलें कीं मुकादम गांवांत येतो आणि ‘उचल’ देतो. म्हणजे पुढील मजुरीपोटीं आगाऊ रक्कम. ती लग्नाला, दुखण्याला, जुन्या देण्याला लागून जाते. एका नवराबायकोच्या जोडीस ‘एक कोयता’ म्हणतात. माणसांचें नांव अवजारावरून पडावें, हें मला प्रथम फार चमत्कारिक वाटलें. दसरा झाला, मोहट्याच्या देवीचें नवरात्र उठलें, कीं बैलगाड्या जुंपल्या जात. गाडींत पीठ, भांडीं, कोंबड्या, आणि सर्वांत वर मुलें. फडाशेजारीं पाचटाच्या कोप्या घालावयाच्या, पहाटे चार वाजतां तोडीस लागावयाचें, मोळ्या बांधावयाच्या, गाडी भरून कारखान्यावर न्यावयाची, आणि उचल फिटेपर्यंत हाच क्रम चालवावयाचा. गांव परत दिसे तें चैत्रांत.

दिवाळीच्या सुटीनंतर मीं वर्ग उघडला तेव्हां निम्म्याहून अधिक जागा रिकाम्या होत्या. हजेरीपुस्तकांत फुल्यांचीं रांगोळी पडली. वरिष्ठांस उत्तर काय द्यावें हें मला कळेना. त्या गैरहजर मुलांत एक मुलगी होती. तिचें नांव मी सांगत नाहीं. तोंडी हिशेबांत तिच्याइतकें तल्लख मूल मीं आजवर पाहिलेलें नाहीं. मी प्रश्न पुरा करीपर्यंत तिचें उत्तर आलेलें असे. ती कार्तिकांत गेली, चैत्रांत आली. परीक्षा बुडाली म्हणून मीं तिला त्याच इयत्तेंत ठेविलें. दुसऱ्या वर्षीं तसेंच झालें. तिसऱ्या वर्षीं, पटावर जितकीं नांवें कमी तितका गैरहजेरीचा जाब कमी, असा हिशेब करून मीं तिच्या नांवावर तांबडी रेघ ओढली. नियमानें मला तसें करतां येत होतें. चैत्रांत ती शाळेच्या दारांत आली, क्षणभर उभी राहिली आणि परत फिरली. मीं तिला हांक मारिली नाहीं.

श्रोतेहो, माझ्या हातून घडलेली ही चूक मी आज उघडपणें सांगत आहें, कारण आजच्या विषयाचें मर्म मला तिच्यांतच सांपडलें.

चौदा वर्षांनंतर माझी बदली प्रवरेच्या कालव्याकांठीं एका बागाईत गांवीं झाली. ज्या रस्त्यानें माझीं मुलें जात होतीं त्याच्या दुसऱ्या टोंकास मी आतां जाऊन पोंचलों. शाळा पक्क्या विटांची, पट भरलेला, मुलांच्या पायांत बूट. आणि शाळेच्या मागेंच, पाटाच्या पलीकडे, पाचटाच्या कोप्यांची ओळ. एके संध्याकाळीं तेथून जात असतां मुकादम वही घेऊन खेपांचा हिशेब सांगत होता. तो म्हणाला, “बावीस.” मागून एका बाईचा आवाज आला, “चोवीस खेपा, मुकादम. सोमवारच्या दोन लिहायच्या ऱ्हायल्या.” मुकादमानें पानें उलटलीं, आणि चोवीस लिहिले. तो आवाज मी ओळखला. तिनेंही मला ओळखलें. कडेवर तान्हें मूल, बोट धरून सहा वर्षांचा मुलगा.

“गुर्जी, वळखलं का मला?” तिनें विचारिलें.

मी म्हणालों, “ओळखलें, पोरी. तुझा हिशेब अजून चुकत नाहीं.”

ती थोडी हंसली. मग हळूच म्हणाली, “माझं नाव काढलं व्हतं ना तुम्ही?” तिच्या बोलण्यांत राग नव्हता. मजजवळ उत्तर नव्हतें. तेव्हां तीच पुढें म्हणाली, “ऱ्हाऊ द्या. या पोराला चार महिनं तुमच्या शाळंत बसू द्याल का?”

तेव्हांचा नियम असा कीं मागील शाळेचा दाखला असल्याविना नांव घालावयाचें नाहीं, आणि असा मध्येंच दाखला आणणार कोण? तरी यावेळीं मीं नियमाचा आश्रय घेतला नाहीं. मुलाला वर्गांत बसविलें. आठ दिवसांत त्याच्याबरोबर आणखी नऊ मुलें आलीं. मग गांवांत कुजबूज सुरू झाली. हीं मुलें घाण, हीं शिव्या देतात, यांच्यामुळें आपल्या मुलांस खरूज होईल, हीं चार महिन्यांचीं पांखरें, यांच्यापायीं आपल्या मुलांचा अभ्यास मागें कां पडावा? एके दिवशीं पांच-सहा पालक शाळेंत येऊन उभे राहिले. ते दुष्ट नव्हते. शाळेची एक खोली त्यांनींच वर्गणीनें बांधून दिली होती. जें आपण बांधलें तें आपलें, एवढेंच त्यांचें म्हणणें होतें.

त्यांच्यांत एक वृद्ध बागाईतदार होते. सारे त्यांस तात्या म्हणत. ते इतका वेळ ओट्यावर बसून ऐकत होते. शेवटीं ते म्हणाले, “माझा आजा सासवडाहून आला तवा या गावात त्याला कुणी वळखीत नव्हतं. पाटाच्या कडंला कोपी घालून ऱ्हायला. माझ्या बापाला भिंतीकडंला बसवीत, म्हणं माळ्याचं पोर हाय, आज हाय उद्या नाय. आता आम्ही गावकरी झालो, अन् ही पोरं परकी?” एवढें बोलून ते काठी टेकीत निघून गेले. त्यापुढें कोणी कांहीं बोललें नाहीं. दुसऱ्या दिवशीं तात्यांच्या घरून शाळेंत एक सतरंजी आली.

चैत्रांत तो मुलगा जावयास निघाला तेव्हां मीं एका कागदावर लिहून दिलें: याला इतके पाढे येतात, इतकें वाचतां येतें; कृपा करून यास पुढील इयत्तेंत बसवावें. दुसऱ्या हंगामांत तो कागद घडी घालून परत आला. मागील बाजूस त्याच्या गांवच्या शिक्षकानें आपला शेरा लिहिला होता. तसे ते कागद आमच्या दोघां शिक्षकांत चार वर्षें जातयेत राहिले. आम्ही एकमेकांस कधीं पाहिलें नाहीं. पुढें अशा मुलांकरितां साखरशाळा निघाल्या, गांवींच राहण्याची सोय करणारीं हंगामी वसतिगृहें निघालीं, आणि शासनानें शिक्षण हमी पत्रकही काढलें. २००९ च्या शिक्षणहक्काच्या कायद्यानें तर, दाखला नाहीं म्हणून मुलास प्रवेश नाकारतां येणार नाहीं आणि वयास योग्य अशा इयत्तेंत त्यास बसविलें पाहिजे, असें स्पष्टच सांगितलें. तो कायदा वाचला त्या दिवशीं मला माझ्या तांबड्या रेघेची आठवण झाली.

या प्रसंगावरून मला जें उमगलें तें असें. परिस्थिति पालटली कीं माणसें हलतात. पाणी जिकडे, तिकडे माणूस. यांत नवें कांहीं नाहीं. जो समुदाय आज ओट्यावर बसून ‘हे बाहेरचे’ म्हणतो, तोही कधीं तरी गाडींतून उतरलेलाच असतो. फक्त त्याला विसर पडतो. समुदाय टिकतो कीं विस्कटतो, हें पालटावर अवलंबून नसून, पालटानंतर आपण कोणाला आपल्या मोजणींत धरतों यावर अवलंबून असतें.

माणसांच्या मोजणीस जो न्याय, तोच पाण्याच्या वांटणीसही लागू आहे. विसाव्या शतकाच्या आरंभीं दख्खनच्या कालव्यांसाठीं विश्वेश्वरय्या यांनीं एक पद्धति आखली होती. ऊस एकाच ठिकाणीं न दाटूं देतां ठराविक पट्ट्यांत पिकांची फेरपालट करावी, म्हणजे पाणी पुष्कळ गांवांस पुरेल आणि जमीनही राखली जाईल, असा तिचा हेतु होता. त्या शहाणपणाचा आम्हांस पुढें विसर पडला. ज्याच्या शेतांतून पाट गेला त्यानें बारमाही ऊस केला आणि हात सैल सोडून पाणी दिलें. त्याचें फळ प्रवराकांठच्या कित्येक शिवारांत आज दिसतें: जमिनी पाणथळ झाल्या, क्षार वर आले, काळ्या रानावर पांढरी खपली चढली. ज्या जमिनींत एके काळीं ऊसांत शिरलेला माणूस दिसत नसे, तेथें आज गवतही धड उगवत नाहीं. पाण्यावांचून ओसाड झालेलें रान एका पावसानें हिरवें होतें. अति पाण्यानें ओसाड झालेलें रान सुधारण्यास चर खणून वर्षानुवर्षें खपावें लागतें.

हेंच फार मोठ्या प्रमाणावर मध्य आशियांत घडलें. तेथें अरल नांवाचा समुद्रासारखा विशाल सरोवर होता. जगांतील सरोवरांत त्याचा चौथा क्रमांक लागे. १९६० च्या सुमारापासून सोव्हिएत सरकारनें त्यास मिळणाऱ्या दोन नद्यांचें पाणी कापसाच्या शेतीकडे वळविलें. कापूस उदंड झाला, पण सरोवर आटत गेला. मोयनाक या बंदरांतील कोळ्यांच्या होड्या वाळूंत रुतून गंजल्या, तळाचें मीठ वाऱ्याबरोबर गांवांवर उडूं लागलें, आणि पिढ्यान्‌पिढ्या मासे धरणारे लोक देशोधडीस लागले. पाणी कोणाला द्यावयाचें हें दूर राजधानींत ठरलें. ज्यांचें जाणार होतें त्यांस कोणीं विचारिलें नाहीं. मात्र याच सरोवराच्या उत्तरेकडील तुकड्यास कझाकस्तानांत २००५ सालीं बांध घातला, तेव्हां पाणी चढलें, मासे परतले आणि मागोमाग कोळीही परतले. बिघडलेलें सर्वच परत येत नाहीं. पण थोडें येतें, हेंही सांगितलें पाहिजे.

याच्या उलट स्पेन देशांतील व्हॅलेन्शिया शहरीं पहा. तेथें देवालयाच्या दाराशीं दर गुरुवारीं भर दुपारीं शेतकऱ्यांनीं निवडलेले पंच बसतात. पाण्याच्या तंट्याचा तोंडी निवाडा तेथल्या तेथें होतो. ही चाल कित्येक शतकांची आहे. राजे गेले, राज्यें पालटलीं, पण गुरुवारची बैठक चुकली नाहीं. आणि एवढें दूर तरी कशाला जावें? आपल्या धुळें जिल्ह्यांत पांझरा नदीवर फड पद्धति तीनशें वर्षांहून जुनी आहे. बंधाऱ्याखालची जमीन फडांत वांटलेली, एका फडांत एकच पीक, आणि बहुतेकांची थोडी थोडी जमीन प्रत्येक फडांत. पाणी कमी पडलें कीं एखादा फड पडीत ठेवावयाचा. त्यामुळें टंचाईचा भार एकट्यादुकट्यावर न पडतां सर्वांवर सारखा पडतो. पाटकरी पाणी सोडतो, जागल्या राखण करतो, आणि त्यांची मजुरी गांव देतें. हें अक्षरशत्रु शेतकऱ्यांनीं बसविलेलें शास्त्र आहे.

आतां पुन्हां आपल्या जिल्ह्यांत येऊं. नगर तालुक्यांत हिवरे बाजार नांवाचें लहानसें गांव आहे. त्यास ना पाट, ना मोठें धरण. १९७२ च्या दुष्काळानंतर तेथील माणसें मजुरीसाठीं बाहेर पडत गेलीं, दारूनें गांव पोखरलें. १९८९ सालीं पोपटराव पवार सरपंच झाले. त्यांच्याआधीं पारनेर तालुक्यांत राळेगण सिद्धीस अण्णा हजारे यांनीं पाणी अडविण्याचें काम करून दाखविलें होतें. तें उदाहरण डोळ्यांपुढें होतेंच. हिवऱ्याच्या लोकांनीं श्रमदानानें डोंगरउतारावर चर खणले, झाडें लाविलीं, कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी पाळली. पण पाणी अडविणें हा अर्धा भाग झाला. दुसरा अर्धा भाग नियमाचा. शेतीसाठीं विंधनविहीर घ्यावयाची नाहीं. ऊस आणि केळी लावावयाची नाहींत. दरवर्षीं पाऊस किती झाला तें मोजावयाचें, आधीं माणसांना आणि गुरांना पिण्यापुरतें पाणी बाजूस काढावयाचें, आणि उरेल त्यावर कोणतीं पिकें घ्यावयाचीं तें ग्रामसभेंत ठरवावयाचें. याला ते पाण्याचा ताळेबंद म्हणतात. जीं कुटुंबें गांव सोडून गेलीं होतीं त्यांतील पुष्कळ परत आलीं. माझ्या भाषेंत सांगावयाचें तर, हजेरीपुस्तकांतल्या फुल्या पुसल्या गेल्या. त्या गांवास पाऊस जास्त मिळाला असें नाहीं. मोजमाप मात्र मिळालें.

गांवापुरता हा नियम साधला. नदीपुरता तो साधणें अवघड आहे, हें आपण प्रत्यक्ष पाहत आहों. १९७६ सालीं पैठणजवळ जायकवाडीचें धरण पुरें झालें, तेव्हां नेवासें आणि शेवगांव तालुक्यांतील कित्येक गांवांच्या जमिनी नाथसागराखालीं गेल्या आणि लोकांस नवीं गांवठाणें वसवावीं लागलीं. त्यांनीं घर सोडलें तें मराठवाड्याच्या पाण्यासाठीं. आतां कमी पावसाच्या वर्षीं वरच्या धरणांतून जायकवाडीस पाणी सोडावयाची वेळ आली कीं नगर-नाशिकचे लोक कालव्यावर येऊन उभे राहतात आणि खालचे लोक न्यायालयांत जातात. खोऱ्यांतील टंचाई सर्वांनीं वांटून घ्यावी, असें २००५ च्या कायद्याचें तत्त्व आहे. तें तत्त्व पांझरेच्या फडाहून निराळें नाहीं. तेथें तें बांधावर बसून पाळलें जातें, येथें तें पाळावयास पोलीस बंदोबस्त लागतो, एवढाच फरक. हा फरक कमी करणें हें आपलें काम आहे. ज्याचें पाणी जावयाचें आणि ज्यास मिळावयाचें, त्या दोघांनीं एकाच सतरंजीवर बसून हिशेब केला पाहिजे.

आणखी एक पालट दाराशीं येऊन ठेपला आहे. ऊस तोडणारीं यंत्रें फडांत उतरूं लागलीं आहेत. एक यंत्र कित्येक कोयत्यांचें काम करतें. पाठीवर मोळ्या वाहून मोडलेल्या माणसांची त्या कष्टांतून सुटका होत असेल तर यंत्राचें स्वागतच केलें पाहिजे. पण कोयता गेल्यावर कोयत्यामागचीं दोन माणसें कोठें जाणार, हा प्रश्न कोणाच्या वहींत लिहिलेला आहे? पाथर्डीच्या आणि जामखेडच्या डोंगरांत पाणी अडविण्याचें काम त्यांच्या हातांस मिळालें, तर तीं आपल्या गांवीं राहतील. न मिळालें, तर तीं आणखी दूर कोठें तरी जातील, आणि आपण पुन्हां त्यांस ‘बाहेरचे’ म्हणूं.

जामखेड तालुक्यांतील चौंडी या गांवीं १७२५ सालीं अहिल्याबाई होळकरांचा जन्म झाला. जिल्ह्यास आज त्यांचें नांव आहे. त्यांनीं देशभर घाट, विहिरी आणि धर्मशाळा बांधल्या. आपल्या गांवापुरती विहीर कोणीही खणतो. पण तीर्थाच्या वाटेवरची विहीर आणि धर्मशाळा हीं ज्याचें नांवगांव आपणांस ठाऊक नाहीं अशा वाटसरूसाठीं असतात. आपल्या जिल्ह्यानें त्यांचें नांव घेतलें, तेव्हां त्या वाटसरूची सोय पाहण्याचें ओझेंही आपल्या शिरावर घेतलें आहे, असें मी समजतों.

असो. माझी वेळ संपत आली. त्या बाईचा मुलगा आतां तिशी ओलांडून गेला आहे. तो कोयता धरीत नाहीं; एका तालुक्याच्या गांवीं दुकानांत हिशेबनीस आहे, आणि हिशेब आईसारखाच तोंडी करतो, असें ऐकतों. त्याच्या आईचा हिशेब मात्र माझ्याकडे शिल्लक आहे, आणि तो आतां फिटावयाचा नाहीं. आज ज्या शिक्षकांच्या हातांत हजेरीपुस्तक आहे आणि ज्या सरपंचांच्या हातांत गांवाची वही आहे, त्यांना माझी एवढीच विनंती कीं, एखाद्या नांवावर रेघ ओढण्यापूर्वीं त्यांनीं दाराबाहेर पाहावें. कोणी उभें असेल तर हांक मारावी.